टाच

द्राक्षांचे मळे जिथे डोंगराला टेकतात
तिथे हे गाव, बुटांचं.
बर्फावरून घसरत जायचे बूट.
मी इथली दुभाषी. दिवसाच्या बोलीवर.

या खेपेला पाहुणे ओसाकाहून,
कुमागाई साहेब आणि हिसाए नावाची मुलगी,
तिच्या मांडीवर एक तक्ता:
जमिनीचा भाव, विजेचा दर, कराची सूट,
विमानतळ किती मिनिटांवर.
प्रत्येक रकान्यात आमचं गाव नापास.
पालिकेच्या माणसाने गुळगुळीत पत्रकं वाटली,
ती कुणी उघडली नाहीत.

मग आलात कशाला?
दुभाष्याने स्वतःचं काही विचारू नये.
विचारलं.

साहेबांनी पिशवीतून एक बूट काढला.
पाच वर्षांपूर्वी इथूनच नेली होती त्यांनी यंत्रं,
साचे, स्क्रूसुद्धा इथलेच,
आणि नऊशे पानांची माहितीपुस्तिका,
बोटीत घालून, जिथे जमीन फुकट होती तिथे.
बूट झाला. दिसायला तोच.
फक्त उतारावर टाच उचलली जायची,
अर्धा मिलिमीटर.
नऊशे पानं पुन्हा वाचली.
टाच काही बसेना.

दिर्चेबाईंनी बुटात हात घातला,
कोंबडीखालचं अंडं चाचपावं तसा,
आणि गावच्या बोलीत एकच वाक्य बोलल्या.
मी म्हटलं, त्या म्हणतायत, निवताना घाई झाली.
(त्या याहून वाईट बोलल्या होत्या.)
पण खात्री करायला तार्चीझिओकडे जा,
पलीकडच्या गल्लीत, बकलवाला.
तार्चीझिओला पटलं नाही.
त्याने मेव्हण्याला हाक मारली,
जो भांडून दुसऱ्या कंपनीत गेला होता.

अकरापर्यंत बारमध्ये पाच माणसं,
चार कंपन्यांची, एकमेकांच्या जिवावर उठलेली,
आणि काउंटरवर कॉफीच्या कपांमध्ये
तो एक बूट.
कुणाचा आहे, कुणी विचारलं नाही.
एक म्हणे अस्तर, दुसरा म्हणे कोन,
तिसऱ्याने सुरी काढली, चौथ्याने ती हिसकावली.
मी धापा टाकत भाषांतर करत होते.
हिसाएने माझ्या मनगटावर बोटं ठेवली:
राहू द्या.
ती वहीत त्यांचे हात काढत होती.

दुपारी साहेब बूट घालून फरशीवर चालले,
ठक, ठक,
मोजे न बदललेल्या माणसासारखे जरा लाजत,
आणि थांबले.
टाच बसली होती.

पुढच्या वर्षी त्यांनी कारखाना उभारलाच नाही.
बारच्या वरच्या तीन खोल्या घेतल्या.
सरकारी अर्जात रकाना होता: गुंतवणुकीचं कारण.
मी लिहिलं,
हात बसलेली माणसं, हाकेच्या अंतरावर.
कारकुनाने ते खोडून 'कुशल मनुष्यबळ' केलं.

त्यांच्यामागून डॅनिश आले, मग कॅनडाचे.
भाडी चढली. न्हाव्याचं दुकान गेलं.
तार्चीझिओच्या गळ्यात आता फोटोचं ओळखपत्र असतं,
पगार दीडपट, आणि
कॉफी तो उभ्याउभ्याच पितो.

परवा दिर्चेबाईंचा करार वाचून दाखवत होते.
कलम सात:
कामासंबंधी बाहेर काहीही बोलू नये.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं,
बाहेर म्हणजे कुठे?

मी प्रश्न जसाच्या तसा पोचवला, शब्दाला शब्द.
कुमागाई साहेब खिडकीशी गेले.
खाली बारचं दार उघडं होतं,
टेबलं ओली होती, नुकतीच पुसलेली.
ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

भाषांतर करण्यासारखं
काहीच बोलले नाहीत.